क्वीनचा सगळ्यात मोठा क्षण स्टेजवर घडलाच नाही



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण भागीदारीबद्दल बोललो. त्यात एक गोष्ट राहून गेली. ती दोन मिनिटांत सांगण्यासारखी नव्हती, म्हणून इथे लिहितो आहे. गोष्ट एका रॉक बँडची आहे. "दादा, धंदा शिकवा, इंग्रजी गाणी काय शिकवता?" असं लगेच म्हणू नका. शेवटपर्यंत वाचा, मग बोला.

मागच्या महिन्यात माझ्या दुकानात सहा पोरं आली. नवी धुमाल पार्टी सुरू करत होते. आमच्या नागपूर-कामठीकडे लग्न, गणपती, मिरवणूक काहीही असो, धुमाल पाहिजेच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, गाडीवर कीबोर्ड, पॅड, भोंगे आणि सोबत ढोल-ताशे. माझं दुकान साउंडचं, त्यामुळे अशी पोरं येतच असतात. त्यांना कीबोर्ड आणि मिक्सर पाहिजे होता. अर्धे पैसे रोख, बाकीचे सीझन झाल्यावर.

मी बिलबुक काढलं आणि विचारलं, "बिल कोणाच्या नावानं बनवू?"

सहाही जण एकमेकांकडे पाहायला लागले. मग त्यातला एक हसून म्हणाला, "बनवा ना भाऊ कोणाच्याही नावानं. सगळ्याइचाच तर आहे."

मी पेन खाली ठेवलं. हे वाक्य मी दहा वर्षांपूर्वी स्वतः बोललो होतो, आणि त्याची किंमत मला चांगली माहीत आहे. त्या पोरांना मी चहा पाजला आणि क्वीनची गोष्ट सांगितली. तीच आता तुम्हाला सांगतो.

पाचगणीचा पियानोवाला

फ्रेडी मर्क्युरी हे नाव बहुतेकांनी ऐकलं असेल. २०१८ साली त्याच्यावर सिनेमा आला, तेव्हापासून तर आपल्याकडच्या पोरांनाही माहीत झालं. त्याचं खरं नाव फारुख बलसारा. पारशी घरातला मुलगा, जन्म १९४६ चा, झांझिबारचा. आणि शाळा कुठली? आपल्या महाराष्ट्रातली, पाचगणीची सेंट पीटर्स. लहानपणी घरच्यांनी त्याला तिथे बोर्डिंगला पाठवलं. तिथेच १९५० च्या दशकाच्या शेवटी पाच मित्रांनी मिळून शाळेतला बँड काढला, नाव 'द हेक्टिक्स'.

गंमत म्हणजे पुढे ज्याच्या आवाजावर जग फिदा झालं, तो या बँडचा मुख्य गायक नव्हताच. तो पियानो वाजवायचा आणि मागून साथ द्यायचा. गाणारा दुसराच होता. म्हणजे आज तुमच्या टीममध्ये जो मागे उभा आहे, तो उद्या कुठे असेल हे तुम्हाला आज कळत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

१९६४ साली हे कुटुंब इंग्लंडला गेलं. १९७० मध्ये गिटारवाला ब्रायन मे, ड्रमवाला रॉजर टेलर आणि फ्रेडी यांनी मिळून 'क्वीन' सुरू केलं. १९७१ मध्ये बेस वाजवणारा जॉन डीकन आला आणि चौघं पूर्ण झाले.

ब्रायन मेची गिटार तर आपल्या जुगाडू पोरांनी आवर्जून बघावी. विकत घ्यायला पैसे नव्हते म्हणून त्यानं १९६३ पासून वडिलांसोबत घरीच ती बनवायला घेतली. गिटारच्या दांड्यासाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड, स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या. दोनेक वर्षं लागली. तीच गिटार तो जगभर वाजवत फिरला. भांडवल नाही म्हणून रडणाऱ्यांना मी नेहमी हे उदाहरण देतो. पण आजचा विषय भांडवलाचा नाही, वाटणीचा आहे.

गाणं गाजलं, खिसा रिकामा

१९७४ मध्ये 'किलर क्वीन' हे गाणं इंग्लंडच्या यादीत दुसऱ्या नंबरवर गेलं. बाहेरच्या माणसाला वाटेल, आता काय, पैसाच पैसा. प्रत्यक्षात चौघं तंगीत होते. सुरुवातीला त्यांनी ज्या कंपनीशी करार केला होता, तिच्याच हातात रेकॉर्डिंगही होतं आणि व्यवस्थापनही. पैसा आधी कंपनीकडे जायचा, तिथे खर्च वजा व्हायचा आणि मग उरलंसुरलं यांच्याकडे. जॉन डीकनला घर घ्यायला थोडी उचल पाहिजे होती, तीही मिळाली नाही.

शेवटी १९७५ मध्ये वकील लावून ते त्या करारातून बाहेर पडले. फुकटात नाही. एक लाख पौंड मोजले आणि पुढच्या सहा अल्बमच्या रॉयल्टीतला एक टक्का द्यायचं कबूल केलं. न समजता केलेल्या सहीची ही किंमत. आपल्याकडे एजन्सी घेताना, फ्रँचायझी घेताना, ऑनलाइन विकायला बसताना किती जण करार पूर्ण वाचतात? हात वर करा. मला तर फार हात दिसत नाहीत.

एक तबकडी, दोन बाजू

आता खरा मुद्दा. ३१ ऑक्टोबर १९७५ ला 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' बाजारात आलं. लांबी ५ मिनिटं ५५ सेकंद. तेव्हा रेडिओवर तीन-साडेतीन मिनिटांची गाणी चालायची, त्यामुळे एवढं मोठं गाणं कोण वाजवणार अशी शंका होती. लंडनच्या एका रेडिओवाल्यानं ते पुन्हा पुन्हा वाजवलं, लोकांनी उचललं आणि गाणं इंग्लंडमध्ये ९ आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं. रॉकच्या इतिहासातल्या मोठ्या क्षणांची कोणतीही यादी काढा, हे गाणं त्यात असतंच.

पण त्या तबकडीला दोन बाजू होत्या. एका बाजूला फ्रेडीनं लिहिलेलं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'. दुसऱ्या बाजूला रॉजर टेलरनं लिहिलेलं गाणं, 'आय'म इन लव्ह विथ माय कार'. लोक तबकडी विकत घ्यायचे पहिल्या गाण्यासाठी. पण विक्रीवर मिळणारी लेखकाची रॉयल्टी दोन्ही बाजूंना सारखीच. म्हणजे तबकडी विकली गेली की फ्रेडीला जेवढं, तेवढंच रॉजरला. आणि ब्रायन मे व जॉन डीकन? त्यांनी त्याच तबकडीत गिटार आणि बेस वाजवला होता, पण लेखक म्हणून त्या वाट्यातले शून्य.

यात रॉजरनं काही फसवाफसवी केली नव्हती. नियम तसाच होता. पण चौघांत यावरून कुरबुर झाली आणि ती बरीच वर्षं चालली. आता प्रत्येकाचं लक्ष कुठे जाणार? कोणतं गाणं चांगलं यापेक्षा कोणाचं गाणं अल्बममध्ये घ्यायचं, कोणाचं तबकडीवर जायचं, याकडे. वाटणीचा नियम चुकीच्या जागी असला की चांगली माणसंही चुकीच्या गोष्टीवर भांडतात. हे वाक्य माझं आहे, आणि मी ते अनुभवानं लिहितो आहे.

माझी तबकडी

२०१४ साली मी आणि माझा एक मित्र, दोघांनी मिळून कामठीत साउंड भाड्यानं द्यायचं आणि दुरुस्तीचं दुकान टाकलं. मी नुकताच बीबीए करून बसलो होतो. बाबांनी दिलेले दोन लाख माझे, हात त्याचे. त्याच्यासारखा अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा मी आजवर पाहिला नाही. जळलेलं बोर्ड नाकाला लावून सांगायचा, काय गेलं आहे ते. मी सुपाऱ्या आणायचो, बयाणा घ्यायचो, हिशेब ठेवायचो. कागद काहीच केला नाही. लहानपणापासून कन्हानवर सोबत पोहायला जाणारे आम्ही, आमच्यात कशाला कागद?

दुकानाच्या पाटीवर नाव टाकायची वेळ आली तेव्हा मी माझं आडनाव टाकलं. त्यानं विचारलं नाही, मीही विचारलं नाही.

दोन वर्षं मस्त चाललं. तिसऱ्या वर्षी गणपतीत मोठं काम मिळालं. दहा दिवस तो रात्र-रात्र सोल्डरिंग करत बसला. सगळं संपल्यावर हिशेब केला आणि मी सांगितलं, आधी माझ्या भांडवलाचं व्याज निघेल, मग अर्धं-अर्धं. तो शांतपणे म्हणाला, "आणि माझ्या रात्रींचं व्याज कोण देणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर नव्हतं म्हणून मी आवाज चढवला. मी म्हटलं, दुकान माझ्या नावावर आहे. तो म्हणाला, पाटी तुझ्या नावावर आहे, धंदा माझ्या हातावर चालून राहिला.

भांडण अडतीस हजार रुपयांचं होतं. तेवढ्यासाठी दुकानातल्या वायरी मोजून वाटल्या आम्ही. आज त्याचं वेगळं दुकान आहे, चांगलं चालतं. रस्त्यात भेटलो की गाडी थांबवून बोलतो, पोराबाळांचं विचारतो. पण त्यानंतर एकमेकांच्या दुकानाची पायरी आम्ही चढलेलो नाही. चूक कोणाची, असं आज कोणी विचारलं तर मी सांगतो, मोठा वाटा माझा. पाटी लावताना मी जे ठरवून टाकलं, ते त्याला विचारून ठरवायला पाहिजे होतं.

२१ मिनिटं आणि चार माणसं

लोक क्वीनचा सगळ्यात मोठा क्षण कोणता म्हणतात? १३ जुलै १९८५, लंडनचं वेम्ब्ली स्टेडियम, 'लाइव्ह एड'चा कार्यक्रम. इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी पैसा उभा करायचा होता. समोर सुमारे ७२ हजार माणसं, टीव्हीवर सगळं जग. क्वीनच्या वाट्याला आली जेमतेम २१ मिनिटं. इतर अनेकांनी जमेल तसं वाजवलं. क्वीननं आधी हॉल घेऊन घड्याळ लावून तालीम केली. नवीन गाणं विकायचा प्रयत्न केला नाही. लोकांना जी गाणी पाठ आहेत, तीच दिली, तीही कापून-छाटून. गिऱ्हाइकाचा वेळ कमी असेल तर काय दाखवायचं, याचा यापेक्षा चांगला वर्ग मी पाहिला नाही. तो व्हिडिओ जरूर बघा.

पण त्या २१ मिनिटांचा हिशेब वेगळ्या नजरेनं मांडा. सहा गाणी. तीन फ्रेडीची, दोन ब्रायनची, एक रॉजरचं. जॉन डीकनचं एकही नाही. म्हणून त्या दिवशी जॉनचं काम कमी होतं का? बेस काढून टाका आणि ती गाणी ऐका, घर पोकळ वाटेल. आणि हाच जॉन, ज्यानं १९८० मध्ये 'अनदर वन बाइट्स द डस्ट' लिहून बँडला अमेरिकेत पहिल्या नंबरवर नेलं होतं. आज मागे असलेला माणूस उद्या पुढे, परवा पुन्हा मागे. धंद्यातही तसंच असतं. दिवाळीत काउंटरवरचा भागीदार चमकतो, मार्चमध्ये हिशेब ठेवणारा.

म्हणून माझ्या मते क्वीनचा खरा मोठा क्षण १९८९ चा. 'द मिरॅकल' हा अल्बम आला आणि त्यातल्या सगळ्या गाण्यांवर लेखक म्हणून एकच नाव होतं: क्वीन. कोणी मुखडा आणला, कोणी चाल, कोणी शब्द, हे बाजूला. नाव चौघांचं, वाटा चौघांचा. याआधीही एक-दोन गाण्यांवर चौघांचं नाव आलं होतं, पण पूर्ण अल्बमला हा नियम लावायला त्यांना जवळपास दोन दशकं लागली. १९९१ च्या 'इन्युएन्डो'लाही तोच नियम राहिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्रेडी गेला. शेवटच्या दोन अल्बमांत कोणाचं गाणं कोणाच्या पुढे, हा प्रश्नच उरला नव्हता.

या क्षणाला टाळ्या नव्हत्या, कॅमेरा नव्हता. तरी मी तो वेम्ब्लीच्या वर ठेवतो.

मग सगळ्यांनी सारखं वाटायचं का?

नाही. इथे लोक चुकतात. क्वीनमध्ये चौघांनीही स्वतंत्रपणे मोठी गाणी लिहिली होती, म्हणून त्यांना बरोबरीची वाटणी शोभली. तुमच्यातला एक दिवसभर दुकानात आणि दुसरा महिन्यातून एकदा चहा प्यायला येत असेल, तर सारखी वाटणी म्हणजे अन्याय. मुद्दा सारख्या वाटणीचा नाही. मुद्दा असा की वाटणी पैसा येण्याआधी ठरली पाहिजे. क्वीनला उशीर परवडला, कारण तोवर भरपूर आलं होतं. आपल्याला अडतीस हजारातही परवडत नाही.

आणि सगळेच भागीदार नसतात, हेही समजून घ्या. १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी रेकॉर्ड केली. ते रेकॉर्डिंग अधिकृतपणे बाहेर आलं २०१५ साली. त्या गाण्यांपुढे नाव काय? 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा'. कामावर बोलावलेला माणूस आणि मालकीतला माणूस, यात एवढं अंतर असतं. यात गैर काही नाही, फक्त आपण यातले कोण हे पहिल्या दिवशी माहीत पाहिजे. हजेरीवर आहे की वाट्यावर, हे स्पष्ट विचारायला लाजू नका.

"आम्ही काही लिहिलंच नाही, मग कायदा काय म्हणतो?" हा प्रश्न मला नेहमी येतो. आपल्याकडे १९३२ चा भागीदारी कायदा आहे. करार नसेल तर त्याचं कलम १३ लागू होतं. ते सांगतं, नफा सारखा, तोटाही सारखा. काम केलं म्हणून वेगळा पगार नाही. भांडवलावर आपोआप व्याजही नाही. म्हणजे कायद्यानं बघितलं तर त्या गणपतीत माझं व्याजही चुकीचं आणि त्याच्या रात्रींचं व्याजही. दोघंही कागदाविना उघडे होतो. कलम १४ म्हणतं, फर्मच्या पैशानं घेतलेली वस्तू, वेगळं ठरलं नसेल तर, फर्मची. आणि कलम ६९ नीट ऐका: फर्मची नोंदणी नसेल, तर करारातला हक्क मागायला तुम्ही बाहेरच्यावरही दावा लावू शकत नाही आणि भागीदारावरही नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण न करण्याची शिक्षा आहे.

एका पानावर सहा ओळी

वकिलाकडे जायच्या आधी, आज रात्री सोबत बसून एवढं लिहा:

१. कोण किती पैसे टाकतो, आणि त्यावर व्याज मिळणार की नाही.

२. कोण काय काम करतो, आणि त्या कामाचा वेगळा पगार आहे का.

३. नफा आणि तोटा कोणाचा किती. दोन्ही लिहा. लोक फक्त नफा लिहितात.

४. मशीन, गाडी, कीबोर्ड कोणाच्या नावावर.

५. पाटीवरचं नाव, फोन नंबर, इन्स्टाचं पेज कोणाचं. फुटलो तर नाव कोण वापरणार.

६. कोणी सोडून गेला, आजारी पडला, वारला, तर त्याचा वाटा कसा मोजायचा. कायद्यानं तर भागीदार वारला की, वेगळं ठरलं नसेल तर, फर्मच संपते.

मग हा कागद वकिलाला किंवा सीएला दाखवून रीतसर करारनामा करा. फी भांडणापेक्षा स्वस्त पडते.

कोणी म्हणेल, लिहून घेणं म्हणजे अविश्वास. मीही तेच म्हणायचो. आता म्हणतो, विश्वास आहे तेव्हाच लिहून होतं. विश्वास संपल्यावर जे लिहिलं जातं, त्याला नोटीस म्हणतात.

त्या सहा पोरांचं काय झालं, हे विचाराल. चहा संपला तरी ते भांडत होते, कीबोर्ड कोणाच्या नावावर यावरून. मला बरं वाटलं. सीझनच्या आधी भांडले ना. शेवटी म्हणाले, "भाऊ, दोन दिवसांनी येतो." तिसऱ्या दिवशी आले, पाचच जण. सोबत वहीचं फाडलेलं पान, पाच सह्या. सहाव्यानं सांगितलं होतं, मला वाटा नको, कार्यक्रमाचे पैसे द्या, मी वाजवतो. त्याचंही नाव पानावर होतं, वेगळ्या ओळीत.

मी बिल बनवलं. पार्टीच्या नावानं.

तुमच्या भागीदारीत पाटीवर कोणाचं नाव आहे, आणि ते कसं ठरलं? खाली कमेंटमध्ये लिहा. पुढच्या व्हिडिओत करारनाम्याचा नमुना ओळ-न्-ओळ समजावून सांगतो. तोवर कोणतीही सही न वाचता करू नका.

भेटू.